डीप पर्पलची जपानमधली मैफल तबकडीवरून उतरवताना : कामाच्या नोंदी

३० जून २०२४

मामांनी जपून ठेवलेला ‘मेड इन जपान’चा दोन तबकड्यांचा संच आज माझ्या ताब्यात आला. मामा व्यापारी जहाजांवर इंजिनीअर होते. १९७४ साली जहाज लंडनला लागले असताना त्यांनी तो तिथे विकत घेतला आणि पुढे वीसेक वर्षे तो आमच्या आजोळी सुटीच्या दिवशी वाजत असे. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचे नाव मी शाळेत जाऊ लागण्याआधीच ऐकले ते या तबकड्यांमुळे. गेली बारा-तेरा वर्षे मात्र संच लोखंडी कपाटात बंद होता. ‘वाजण्यासारखा आहे तोवर नीट उतरवून दे,’ एवढेच मामांचे म्हणणे आहे. म्हणजे तबकडीवरचा आवाज संगणकावरच्या फायलींत घ्यायचा. त्यासाठी जे जे करीन ते तारीखवार लिहून ठेवणार आहे, कारण असे संच अजून पुष्कळ घरांत पडून आहेत आणि ते उतरवताना होणाऱ्या चुका बहुधा सारख्याच असतात.

ज्यांना हे संगीत फक्त ऐकायचे आहे, त्यांनी या खटपटीत पडू नये. १९९८ साली निघालेल्या सीडी-आवृत्तीत मूळ सात गाण्यांखेरीज कार्यक्रमाअखेर वाजवलेली तीन वाढीव गाणीही आहेत, आणि १९९३ च्या तीन सीडींच्या संचात तिन्ही रात्रींचा बहुतेक कार्यक्रम ऐकायला मिळतो. या नोंदी, ज्यांना आपल्या घरातलीच तबकडी टिकवायची आहे, त्यांच्यासाठी आहेत. उतरवलेल्या फायली घराबाहेर जाणार नाहीत, हेही इथेच लिहून ठेवतो.

काम सुरू करण्याआधी एक कागद तयार केला. ही मैफल एका रात्रीची नाही. १९७२ च्या ऑगस्टमध्ये १५ आणि १६ तारखेला ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि १७ तारखेला टोकियोच्या निप्पॉन बुदोकानमध्ये जे तीन कार्यक्रम झाले, त्यांतून निवडून ही सात गाणी घेतली आहेत. पहिल्या बाजूवर ‘हायवे स्टार’ (६ मिनिटे ४३ सेकंद) आणि ‘चाइल्ड इन टाइम’ (१२ मिनिटे १७ सेकंद), दोन्ही १६ तारखेच्या ओसाकाची. दुसऱ्या बाजूवर ‘स्मोक ऑन द वॉटर’ (७ मिनिटे ३७ सेकंद), जे १५ तारखेचे एकमेव गाणे आहे, आणि टोकियोचे ‘द म्यूल’ (९ मिनिटे २८ सेकंद). तिसऱ्या बाजूवर ओसाकाचे ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन’ (९ मिनिटे ५२ सेकंद) आणि टोकियोचे ‘लेझी’ (१० मिनिटे २७ सेकंद). चौथी बाजू पूर्णपणे ‘स्पेस ट्रकिन’ची, १९ मिनिटे ५४ सेकंदांची, पुन्हा १६ तारखेच्या ओसाकाची. कोणते गाणे कोणत्या शहरातले, या माहितीचा तांत्रिक कामाशी काही संबंध येईल असे तेव्हा मला वाटले नव्हते.

७ जुलै

तबकड्यांवर बुरशी होती. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या कागदी पिशव्यांचे जे होते तेच झाले होते: पहिल्या तबकडीवर राखाडी ठिपक्यांची नक्षी, दुसरीवर कडेने पांढुरकी साय.

मधले कागदी लेबल भिजू नये म्हणून डब्याची दोन झाकणे लेबलाच्या मापाची शोधली, त्यांच्या कडांना सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली आणि मधून बोल्ट घालून तबकडी त्या दोन झाकणांमध्ये आवळली. ही युक्ती पहिल्याच खेपेला जमली. लेबलावर थेंबही गेला नाही. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रावणाचे चार थेंब टाकून रंगकामाच्या मऊ, रुंद ब्रशने खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल गोल, धुतले. बुरशी सहज निघाली.

चूक त्यानंतर झाली. साबण काढायला तबकडी नळाखाली धरली. आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी येते आणि ते इतके जड आहे की बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. तोच क्षार खाचांत वाळला. संध्याकाळी सुई टेकवली तेव्हा धुण्याआधी नव्हती एवढी चरचर ऐकू आली, आणि सुईच्या टोकावर पिठासारखी भुकटी जमा झाली.

१४ जुलै

इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी बॅटरीच्या दुकानातून पाच-पाच लिटरचे दोन कॅन आणले आणि चारही बाजू पुन्हा धुतल्या, शेवटचे दोन हात नुसत्या त्या पाण्याचे दिले. पंख्याखाली उभ्या ठेवून रात्रभर वाळवल्या. चरचर गेली. एक रविवार आणि १८० रुपये गेले, पण ते आधीच खर्च केले असते तर रविवार वाचला असता. तबकड्या जुन्या कागदी पिशव्यांत परत घातल्या नाहीत. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या नव्या पिशव्या घेतल्या आणि जुन्या वेष्टनातच वेगळ्या ठेवल्या.

१६ जुलै

पहिली चाचणी. माझा टर्नटेबल पट्ट्यावर चालणारा, साधा आहे. कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसते ती डबी, ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम ९५ ई, सुईचा भार २ ग्रॅम. तिथून सुईचा क्षीण आवाज वाढवणारा फोनो प्रीॲम्प, तिथून आवाज संगणकात नेणारा यूएसबी साउंड इंटरफेस, आणि लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे ध्वनी संपादनाचे सॉफ्टवेअर. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने. पातळी अशी ठेवली की सर्वांत मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. या मैफलीत मोठे आवाज शेवटाकडे येतात, त्यामुळे पातळी गाण्याच्या सुरुवातीवरून ठरवू नये.

गाणे नव्हते तेव्हा स्पीकरमधून ‘घूं’ असा अखंड आवाज येत होता. वारंवारतेच्या आलेखात ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर तीन सुळके स्पष्ट दिसले, म्हणजे तो विजेच्या लाइनचा आवाज होता. मी सोपा मार्ग घेतला आणि ५० हर्ट्झवर खोल फिल्टर लावला. गुणगुण गेली, आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’ पोकळ झाले. गाणे जी मायनरमध्ये आहे. आधी रिची ब्लॅकमोरची गिटार एकटीच येते, मग इयन पेसचे ड्रम्स, आणि त्यानंतर रॉजर ग्लोव्हरची बास गिटार ज्या खालच्या ‘जी’वर उभी राहते त्या स्वराची वारंवारता ४९ हर्ट्झ आहे. माझ्या फिल्टरने गुणगुणीबरोबर गाण्याचा पायाच काढून घेतला होता. बास ऐकू येत होती, पण ती जमिनीवरून अधांतरी उचलल्यासारखी झाली होती.

१९ जुलै

फिल्टर काढून टाकला आणि गुणगुणीचे मूळ शोधले. दोन कारणे निघाली. टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार प्रीॲम्पच्या स्क्रूखाली नुसती अडकवलेली होती, आवळलेली नव्हती. दुसरे, लॅपटॉपचा चार्जर लावलेला असताना १०० हर्ट्झचा सुळका उंच होत होता. तार घासून, घट्ट बसवून आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवून गुणगुण जवळजवळ पूर्ण थांबली. खर्च शून्य.

इथे गाणी आणि शहरे टिपलेला तो कागद पहिल्यांदा कामाला आला. जपानमध्ये विजेची वारंवारता सगळीकडे एक नाही: ओसाकासकट पश्चिम भागात ६० हर्ट्झ आहे आणि टोकियोसकट पूर्व भागात ५०. म्हणजे ओसाकाच्या गाण्यात ५० हर्ट्झची स्थिर गुणगुण दिसली तर ती माझ्या घरची धरायला हरकत नाही. टोकियोच्या ‘द म्यूल’ आणि ‘लेझी’मध्ये मात्र ती माझी आहे की बुदोकानमधल्या ॲम्प्लिफायरांची, हे गाण्याच्या आलेखावरून कळणार नाही. म्हणून गुणगुण गाण्यात मोजायची नाही; सुई तबकडीच्या कडेच्या रिकाम्या खाचेत असताना मोजायची. तिथे जे आहे ते घरचे. त्यापलीकडचे मैफलीचे असू शकते, आणि जे मैफलीचे असू शकते त्याला हात लावायचा नाही. पुढच्या सगळ्या कामात हाच नियम धरला.

२४ जुलै

चौथी बाजू पूर्ण उतरवली आणि लांबी पाहिली: १९ मिनिटे ३७ सेकंद. १७ सेकंद कमी. म्हणजे तबकडी वेगाने फिरत होती.

टर्नटेबलचा मूळ पट्टा ढिला झाला होता म्हणून मी महिन्यापूर्वी नवा घातला होता, आणि नेमक्या मापाचा न मिळाल्याने दुकानदाराने दिलेला थोडा जाड पट्टा चालवून घेतला होता. मोटरच्या पुलीवर जाड पट्टा बसला की पुलीचा परिणामी व्यास वाढतो आणि तबकडी जलद फिरते, हे आता कळले. वेग तपासायला पट्ट्यापट्ट्यांची कागदी चकती वापरतात, पण ती दिव्याच्या लुकलुकण्यावर चालते आणि घरात जुना पिवळा दिवा एकही उरलेला नाही. एलईडीखाली पट्टे नुसते फिकट दिसतात. म्हणून मोजण्याची सर्वांत साधी रीत वापरली. तबकडीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवून फेरे मोजले. मिनिटाला ३३⅓ फेरे म्हणजे ३ मिनिटांत बरोबर १००. माझे १०० फेरे १७७.४ सेकंदांत झाले. दीड टक्क्याचा फरक; स्वरात सांगायचे तर अर्ध्या स्वराचा चौथा भाग वर. ‘हायवे स्टार’ मला थोडे जास्तच चपळ वाटत होते ते का, याचा उलगडा झाला.

संगणकावर वेग उतरवता आला असता. तसे केले नाही, कारण जाड पट्ट्याच्या सांध्यामुळे प्रत्येक फेऱ्यात वेग किंचित हलत होता आणि ते संगणकावर सुधारणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे.

३ ऑगस्ट

योग्य मापाचा पट्टा येईपर्यंत नऊ दिवस गेले. ६५० रुपये. मोटरच्या तळाशी असलेल्या छिद्रातून बारीक स्क्रू-ड्रायव्हरने वेग जुळवला; आता १०० फेऱ्यांना १८० सेकंद, मागेपुढे एका दशांशाचा फरक.

चौथी बाजू संध्याकाळी पुन्हा उतरवली आणि नवीनच अडचण आली. ‘स्पेस ट्रकिन’च्या मधल्या लांबलचक वाद्यभागात, जिथे सगळे थंडावते आणि जॉन लॉर्ड एकटाच ऑर्गनवर काही शोधत बसतो, तिथे अगदी खालून ‘धम्म, धम्म’ असे काही येत होते. तबकडीवर ते नव्हते, कारण पहिल्या उताऱ्यात ते नाही. मग लक्षात आले: गणपती जवळ आले आहेत आणि आमच्या मागच्या मैदानावर ढोल-ताशा पथकाचा सराव रोज संध्याकाळी सातला सुरू होतो. खिडक्या बंद होत्या तरी ढोलाची थाप जमिनीतून टेबलात आणि टेबलातून सुईत जात होती.

टर्नटेबल बाहेरच्या भिंतीलगतच्या टेबलावरून हलवून आतल्या भिंतीला पक्क्या केलेल्या कडप्प्याच्या फळीवर ठेवला आणि यापुढे पहाटे पाच ते सातच्या दरम्यानच उतरवायचे ठरवले. त्या वेळी रस्त्यावरच्या बसगाड्याही कमी असतात.

४ ते १० ऑगस्ट

पहाटेच्या बैठकी. पहिली, दुसरी आणि चौथी बाजू वेगाच्या दृष्टीने ठीक. पण पहिल्या बाजूचा शेवट ऐकवत नाही.

‘चाइल्ड इन टाइम’ हे गाणे तबकडीवर वाईट जागी आले आहे. इयन गिलनचा आवाज जिथे दुसऱ्यांदा चढत चढत किंकाळीला पोहोचतो, तो भाग गाण्याच्या शेवटच्या टप्प्यात आहे आणि हे गाणे बाजूच्या शेवटी आहे, म्हणजे तो भाग लेबलाच्या अगदी जवळ कोरलेला आहे. तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. लेबलाजवळ सुमारे २१. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. ज्या ठिकाणी गायकाने सगळा जीव ओतला आहे नेमक्या त्या ठिकाणी सुईला वळणे घेणे सर्वांत अवघड जाते. माझ्या उताऱ्यात किंकाळी फाटत होती, वाळू घासल्यासारखी. या गाण्याची ऑर्गनवरची मूळ धून सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या बँडच्या ‘बॉम्बे कॉलिंग’वरून घेतलेली आहे, आणि ती हळू सुरुवात माझ्या उताऱ्यात फार सुंदर आली होती, त्यामुळे शेवट अधिकच सलत होता.

कार्ट्रिजची बैठक मी जुलैतच कागदी मापपट्टीवर जुळवली होती, म्हणून आधी संशय तबकडीच्या झिजेवर घेतला. तीन पहाटा त्यात गेल्या. चौथ्या दिवशी सहज त्या कागदावर पट्टी ठेवली तेव्हा १०० मिलिमीटरची रेघ ९७ भरली. छपाई करताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला होता आणि सगळे माप तीन टक्क्यांनी आकसले होते. ज्या दोन जागी सुई खाचेशी अचूक समांतर असायला हवी, मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर, त्या दोन्ही जागा माझ्या कागदावर चुकीच्या होत्या. कागद पूर्ण मापात छापून, रेघ मोजून घेऊन, भिंग लावून कार्ट्रिज पुन्हा बसवली. कार्ट्रिज जेमतेम दीड-दोन मिलिमीटर सरकली असेल.

११ ऑगस्ट

फाटणे बरेच कमी झाले, पण पूर्ण गेले नाही. उरलेले खरोखरच झिजेचे असावे. आजोळच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरची जड सुई या खाचेवरून शेकडो वेळा गेलेली आहे. त्याच कार्ट्रिजला बसणारी अधिक बारीक टोकाची ‘एमएल’ सुई मागवली. बारीक टोक खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते, आणि जुन्या सुईने न झिजवलेला भाग त्याला सापडू शकतो. हा या कामातला सर्वांत मोठा खर्च: ११,८०० रुपये. फार विचार करून केला.

१५ ऑगस्ट

सुटी. नवी सुई कालच आली होती. पहाटे सव्वापाचला पहिली बाजू लावली. शेवटच्या किंकाळीला मी हेडफोन घट्ट धरून बसलो होतो. आवाज वर गेला, अजून वर गेला, आणि फाटला नाही. त्याच्यामागे सभागृहाचा जो मोकळा घुमारा आहे, तोही पहिल्यांदाच ऐकू आला. आधी तो घासण्याच्या आवाजाखाली पूर्ण गाडला गेला होता. बावन्न वर्षांपूर्वी याच तारखेला ही मंडळी ओसाकात पहिल्या रात्रीसाठी मंचावर उभी राहिली होती.

सगळ्या बाजू नव्या सुईने पुन्हा उतरवायच्या. आधीचे सगळे उतारे पुसले नाहीत, वेगळ्या ठिकाणी ठेवले; ते पुढे उपयोगी पडले.

१८ ऑगस्ट

तिसरी बाजू. ‘लेझी’च्या सुरुवातीला पुन्हा फाटका, गुरगुरता आवाज. मी लगेच भार तपासला, सुई साफ केली, तीनदा वाजवून पाहिले. प्रत्येक वेळी तसाच. दुपारी मामा जेवायला आले होते, त्यांना ऐकवले. त्यांनी दोन सेकंदांत सांगितले, ‘अरे, तो ऑर्गन आहे. तो तसाच वाजवायचा.’ जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारवाल्यांच्या मार्शल ॲम्प्लिफायरांतून वाजवत असे, आणि ती गुरगुर त्याने मुद्दाम कमावलेली होती. पुढच्या काही मिनिटांत तोच ऑर्गन स्वच्छ होतो, मग गिलनचा माउथ ऑर्गन येतो, आणि त्यांत घासण्याचा मागमूस नाही. मी पुढे ऐकले असते तर मलाही कळले असते. सुई दोषी असती तर तिने निवडून एकाच वाद्याला त्रास दिला नसता. १९९५ च्या एप्रिलमध्ये हा बँड मुंबईत अंधेरीला वाजवून गेला तेव्हा मामा तिथे होते. लॉर्डचा तो आवाज त्यांनी समोरून ऐकलेला आहे.

हार्ड रॉक उतरवणाऱ्याने आधी हे पाहावे की फाटणे एका वाद्याचे आहे की सगळ्यांचे.

२२ ते २९ ऑगस्ट

टकटक काढण्याचे काम, आणि याच कामात मी सर्वांत मोठी चूक केली.

ऑडॅसिटीत टकटक आपोआप काढण्याची सोय आहे. दुसऱ्या बाजूवर ती मध्यम तीव्रतेने चालवली. ‘स्मोक ऑन द वॉटर’ स्वच्छ वाटले, म्हणून फारसे न ऐकता ‘द म्यूल’ही तसेच पुढे ढकलले आणि जतन केले. ‘द म्यूल’ म्हणजे बहुतांशी इयन पेसचे एकट्याचे ड्रम्स. दोन दिवसांनी सलग ऐकताना ते ड्रम्स कापसात गुंडाळल्यासारखे वाटले. स्नेअरवरची प्रत्येक काठी एक क्षणभराचा उभा सुळका असते, आणि ओरखड्याची टकटकही तशीच असते. यंत्राला त्यांतला फरक कळत नाही.

मग एक तपासणी केली, आणि ही मी सगळ्यांना आग्रहाने सांगेन. मूळ उतारा आणि साफ केलेला उतारा शेजारी ठेवायचा, त्यांतला एक उलटा करायचा आणि दोन्ही एकत्र मिसळायचे. जे दोन्हींत सारखे आहे ते नाहीसे होते आणि जे काढून टाकले गेले तेवढेच उरते. त्यात मला चार-पाच टकटक ऐकू येतील अशी अपेक्षा होती. ऐकू आली ती पेसची काठी. अख्खा लांब रोल, बारीक, वाद्याच्या अंगाशिवाय नुसत्या टोकांचा, पण ताल ओळखू येईल इतका पूर्ण. ‘स्मोक ऑन द वॉटर’च्या काढलेल्या भागात तर गिटारच्या सुरुवातीला श्रोत्यांनी धरलेल्या टाळ्या होत्या. ओसाकाच्या लोकांचे हात मी कचरा म्हणून बाहेर काढले होते. ते ऐकल्यावर बराच वेळ पुढचे काम करवले नाही.

सगळे रद्द करून हाताने सुरुवात केली. यात फेऱ्यांचे गणित मदतीला आले: तबकडीला एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात, म्हणून आडवा ओरखडा दर १.८ सेकंदाला, ९६ किलोहर्ट्झच्या उताऱ्यात दर १,७२,८०० नमुन्यांनी, पुन्हा भेटतो. एक टक सापडली की पुढे तेवढेच अंतर जायचे, तिथे पुढची असते. तिथे नसेल तर जे ऐकू आले ते ओरखडा नव्हते, ड्रम किंवा टाळी होती. वेग आधी जुळवलेला असल्यामुळेच हे शक्य झाले. प्रत्येक टक ‘दुरुस्ती’ या आज्ञेने बुजवली. ती एका वेळी १२८ नमुन्यांपर्यंतच चालते, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहून किंचित जास्त, आणि ही मर्यादा चांगलीच आहे, कारण चुकले तरी नुकसान तेवढ्यातच राहते.

दुसऱ्या बाजूला ११ तास लागले. चारही बाजू मिळून ३४ तास.

३१ ऑगस्ट

घरघर कमी करण्याची आज्ञा तिसऱ्या बाजूवर अगदी सौम्य चालवून पाहिली. या वेळी आधीच ‘फक्त काढलेले ऐकवा’ हा पर्याय लावला. काढलेल्यात तबकडीची घरघर होती, आणि तिच्याबरोबर सभागृहही होते: दोन गाण्यांमधला माणसांचा हलका गलबला, झांजेचा विरत जाणारा शेवट, ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन’मध्ये गिटार आणि गिलनचा आवाज एकमेकांना उत्तरे देतात तेव्हा त्या उत्तरांमधली शांतता. ती शांतता रिकामी नाही, तिच्यात हजारो माणसे श्वास धरून बसलेली आहेत.

ही मैफल मुद्रित करताना फार साधने नव्हती. थेट मैफलीची तबकडी ही जपानच्या कंपनीची मागणी होती, बँडला ती फक्त जपानपुरतीच द्यायची होती, आणि त्यांची अट होती की ध्वनिमुद्रण त्यांचा नेहमीचा अभियंता मार्टिन बर्चच करील. बर्चला आठ ट्रॅकचे, म्हणजे एका वेळी आठच आवाज वेगवेगळे टिपणारे, यंत्र मिळाले. ड्रम्स, बास, गिटार, ऑर्गन, आवाज आणि श्रोते एवढे सगळे त्यात बसवायचे होते. एकूण खर्च तीन हजार डॉलरच्या आसपास झाल्याचे सांगतात. पुढे या ट्रॅकांच्या मिश्रणाला बँडमधले पेस आणि ग्लोव्हर हे दोघेच बसले. त्यांनी सभागृह ठेवले, ते मी काढणे योग्य नाही. घरघर कमी करण्याची आज्ञा कुठेही वापरली नाही. राहिलेली घरघर राहू दिली.

३ सप्टेंबर

गाणी वेगळी करणे. इथे थोडक्यात: पहिल्यांदा एमपी३ केल्या, तर प्रत्येक गाण्याच्या सांध्यावर क्षणभर शांतता पडली आणि टाळ्यांची लाट मध्येच कापल्यासारखी झाली. एमपी३ करताना फायलीच्या टोकांना रिकामे नमुने जोडले जातात, त्याचा हा परिणाम. फ्लॅक या, आवाजातले काहीही न गाळणाऱ्या, प्रकारात केल्यावर सांधे जुळले. सीडीसाठीची प्रत ४४.१ किलोहर्ट्झची हवी होती. ती आधी संपूर्ण बाजू बदलून घेऊन मगच कापली, आणि काप ५८८ नमुन्यांच्या पटीत ठेवले, कारण सीडी तेवढ्याच तुकड्यांत मोजते. उलट क्रमाने केले तेव्हा सांध्यावर बारीक टिक येत होती.

चारही बाजूंचे मूळ उतारे २४ बिट, ९६ किलोहर्ट्झमध्ये मिळून सुमारे २.६ जीबी झाले. ते कोणतीही दुरुस्ती न करता दोन वेगळ्या डिस्कवर ठेवले आहेत. माझ्या दुरुस्त्या उद्या कुणाला पटल्या नाहीत, तर त्याला तबकडीपर्यंत परत जावे लागू नये.

५ सप्टेंबर

परवा गणपती बसायचे, म्हणून त्याआधीच मामांकडे पेन ड्राइव्ह आणि दोन सीडी पोहोचवल्या. मामांनी आधी ‘चाइल्ड इन टाइम’ लावायला सांगितले. पूर्ण बारा मिनिटे ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आमच्या प्लेअरवर हे शेवटी नेहमी खरखरायचं. मला वाटायचं, तो असाच ओरडला असेल.’

हिशेब: पाणी १८० रुपये, पिशव्या ३२०, पट्टा ६५०, सुई ११,८००, रिकाम्या सीडी आणि पेन ड्राइव्ह ६१०. एकूण १३,५६०. जाड पट्टा यात धरलेला नाही. वेळ साधारण ७० तास, त्यांतले किमान २५ चुका निस्तरण्यात.

एक काम बाकी आहे. तिसऱ्या बाजूवर ‘लेझी’च्या मध्यात एक ओरखडा इतका खोल आहे की तिथे सुई किंचित उडते आणि सुमारे दहावा भाग सेकंदाचा आवाज जातो. जुन्या सुईच्या ११ ऑगस्टच्या उताऱ्यात तीच जागा, घासलेली का होईना, पण अखंड आहे. तिथला तुकडा इथे बसवून पाहायचा आहे. वेग दोन्हींत सारखा असल्यामुळे जुळेल असे वाटते. ढोल-ताशा थांबले की पहाटेची वाट न बघता सलग बसून ते करीन.